सुधीरची अरिकारा आजी

बसा जरा. हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि तिला तर मी ऑफिसातल्या लिफ्टमध्ये कोण कुणाकडे बघून हसलं तेही घरी येऊन साभिनय सांगतो. सिंगापुरातल्या आमच्या मंडळात कुणालाही विचारा, नंदू एखादी गोष्ट पोटात ठेवू शकेल का? लोक हसतील. पण ठेवली आहे. एकोणीस वर्षं.

आधी थोडी स्वतःची स्तुती करतो. ती केल्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणि खरं सांगू, मला ती करायला आवडतेही. दिवसा मी चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण गणपतीच्या स्नेहसंमेलनात आरती झाली, मोदक संपले, की कुणीतरी ओरडतं, “नंदूकाका, गोष्ट!” — आणि मग बघा. दीडशे माणसं. मी आवाज खाली नेला की एसीची घरघर ऐकू येते. मी वर नेला की मांडीवरचं तान्हं दचकतं. इथली पोरं इंग्रजीत वाढलेली, आईने मराठीत विचारलं तर “don't want lah” म्हणणारी. तीसुद्धा फोन खाली ठेवून मराठीत ऐकतात. हे मी करू शकतो. याचा मला अभिमान आहे, आणि हे सगळं लिहून झाल्यावरही तो राहणार आहे. तेवढं आधीच सांगून ठेवतो.

माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट अरिकारा आजीची.

अरिकारा हे अमेरिकेच्या उत्तरेकडचे, मिसुरी नदीच्या काठचे लोक. स्वतःला ते सानिश म्हणतात. म्हणजे नुसतं ‘माणसं’. मका पिकवणारे, मक्याला आई मानणारे. देवीच्या रोगाच्या साथीने त्यांची गावंच्या गावं रिकामी केली. मग सरकारने जमीन आक्रसत नेली. आणि जे उरलं होतं, नदीकाठचं काळं सुपीक रान, ते धरणाच्या पाण्याखाली गेलं. माणसं वरच्या उघड्या माळावर चढली आणि तिथे राहिली. अजून आहेत. त्यांची भाषा बोलणारे फार थोडे उरले, पण आहेत. त्या भाषेत काही शब्दांचा शेवटचा स्वर आवाजात नाही, नुसत्या श्वासात म्हणायचा असतो. शब्द संपतो तेव्हा तो जवळ बसलेल्यालाच ऐकू जातो. एवढं सगळं डोक्यावरून गेलं, तरी त्यांनी तो श्वासातला स्वर जपला! मला नेहमी वाटतं, आपण चार अक्षरं टिकवायला एवढी कुरकुर करतो आणि ही माणसं बघा.

तर गोष्ट अशी. वर्षाअखेरीस सानिश लोक एक सीडरचं, आपल्या देवदारासारखं, झाड नदीत सोडत. त्या झाडाला ते आजी म्हणत. तिच्या फांद्यांना लहान मुलांचे जुने, तळ झिजलेले चामडी बूट बांधायचे आणि तिला प्रवाहात सोडायचं. कशाला? तर नदीच्या खालच्या अंगाला त्यांची जुनी गावं होती, पूर्वज तिथल्या मातीत होते. झाड तरंगत तिथून जाईल, पूर्वज ते झिजलेले बूट बघतील, आणि त्यांना कळेल — आपली माणसं अजून आहेत. पोरं धावताहेत. इतकी धावताहेत की बूट झिजले.

आता सांगा, गणपतीच्या दिवशी, परक्या देशात, प्लास्टिकच्या टबात विसर्जन करून आलेल्या माणसांना ही गोष्ट सांगितली तर काय होईल? रडतात हो. मोठमोठे व्हाइस प्रेसिडेंट रडतात.

मी ती अशी सांगायचो: नॉर्थ डकोटातला हिवाळा, माझी गाडी बर्फात रुतलेली, एका अरिकारा म्हातारीच्या मुलाने ट्रकला दोर बांधून ती ओढून काढली. म्हातारीने मला घरात नेऊन मक्याचं गरम सूप दिलं. मग दर रविवारी मी तिच्याकडे जाऊ लागलो, तिच्या भाषेतले शब्द वहीत उतरवू लागलो. एका वर्षी मी त्यात एक लांडगाही घातला. लांडग्याला चांगली दाद मिळाली म्हणून तो ठेवला.

मी नॉर्थ डकोटा पाहिलेलं नाही. विमानातून खाली बघितलंही नाही.

गाडी रुतली होती सुधीरची.

सुधीर माझा मित्र. पुण्याला एका बाकावर, मिनियापोलिसला एका फ्लॅटमध्ये, आणि आता इथे सिंगापुरात तो हौगांगला, मी तिथून अर्ध्या तासावर. उत्तम इंजिनिअर. बोलणं मात्र — कसं सांगू? सुधीर वाक्य सुरू करतो, मग ते खरं आहे का ते मनात तपासतो, मग पुढचा शब्द उचलतो. तोवर समोरच्याचा चहा निवतो. मिनियापोलिसहून कंपनीने त्याला तीन महिने नॉर्थ डकोटातल्या क्लायंटकडे पाठवलं होतं. परत आला त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात खिचडी खाता खाता त्याने मला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे — आजी, सूप, रविवार, झाड, आणि वही. दोनशे पानी वही, आजीचे शब्द देवनागरीत लिहिलेले. श्वासातल्या स्वरांसाठी त्याने अक्षराखाली टिंब द्यायची स्वतःची पद्धत काढली होती. मी तेव्हाच म्हणालो, “सुध्या, सोनं आहे हे. पण तू सांगू नकोस, तू गोष्टीचा विचका करशील.” तो हसला. म्हणाला, “मग तू सांग.”

त्याने दिली होती ना परवानगी? हो. मीही बरीच वर्षं हेच धरून बसलो होतो. पण त्याने गोष्ट सांगायला दिली होती, आयुष्याचे तीन महिने नव्हते दिले.

इथे आल्यावर पहिल्या गणपतीत मी इमानदारीत सांगितली. “आमचा सुधीर.” सुधीर तिसऱ्या रांगेत, लाजून लाल. लोकांनी वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि मला ते — आवडलं नाही. खरं सांगतो. टाळ्या माझ्या आणि नजरा त्याच्याकडे? दुसऱ्या वर्षी “आम्ही दोघं” गेलो. तिसऱ्या वर्षी नवी माणसं फार होती, कुणाला काही माहीत नव्हतं, आणि गोष्टीत एक माणूस कमी असला की ती घट्ट होते. मी एकटाच गेलो. सुधीर तिसऱ्या रांगेतच होता. संपल्यावर मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, “लांडगा नव्हता रे नंद्या.” बाकी काही नाही. आम्ही दोघं हसलो. मला वाटलं, मिटलं.

इथपर्यंत थापच आहे ना? गप्पिष्ट माणसाची थाप. इथे थांबलो असतो तर हे लिहायला बसलोच नसतो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या मंडळातली केतकी — युनिव्हर्सिटीत कमी बोलल्या जाणाऱ्या भाषांवर पोस्टडॉक करणारी, गुणी मुलगी — गणपतीच्या दिवशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, “नंदूकाका, तुमच्यासाठी सरप्राइज आहे. गोष्ट सांगा, मग देते.” मी सांगितली. त्या दिवशी विशेषच रंगली. मागे एक परदेशी पाहुणी बसली होती, केतकी तिच्या कानात भाषांतर करत होती. गोष्ट संपली. टाळ्या. आणि केतकीने त्या बाईंना हाताला धरून पुढे आणलं.

तिचं नाव शॅनन. चाळिशीची असेल, लांब वेणी, पायात साधे स्पोर्ट्स शूज. परिषदेसाठी आली होती; तिथे केतकीकडून माझी गोष्ट ऐकून तिने आजीला ओळखलं होतं. सानिश भाषेची शिक्षिका. तिने मला तिच्या भाषेत नमस्कार केला — “नावाह” — आणि सांगितलं, की ती त्या आजीची नात आहे.

म्हणजे बघा, अर्धी पृथ्वी मध्ये ठेवून, सुरक्षित अंतरावरून, ज्या म्हातारीला मी दरवर्षी मजेत स्टेजवर आणत होतो, तिची नात माझ्यासमोर उभी! मला काय वाटलं असेल? भीती? नाही. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला फार आनंद झाला. काय प्रवेश होता तो! मी स्वतः लिहिला असता तरी असा जमला नसता.

ती माइकवर बोलली. आजी शेवटपर्यंत एका पोराची आठवण काढायची. लांबून आलेला, हळू बोलणारा, तिचे शब्द अशा अक्षरांत लिहिणारा, जी दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी रेघेला लटकलेली असतात. नाव तिला नीट म्हणता यायचं नाही. शॅनन तेव्हा कॉलेजात होती आणि आजीच्या भाषेत तिला काडीचा रस नव्हता. आजी तिच्या भाषेत बोलायची, ही इंग्रजीत उत्तर द्यायची. मग आजी गेली. मग हिला भाषा हवीशी झाली. दहा वर्षं खपून, जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून, उरलेल्या म्हाताऱ्यांच्या पायाशी बसून ती शिकली, आणि आता गावातल्या पोरांना शिकवते. हे सांगताना ती ताठ उभी होती. दीडशे मराठी माणसं उभं राहून टाळ्या वाजवत होती, आणि मीही. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला, जणू माझीच भाची.

‘हळू बोलणारा’ हा शब्द कुणाच्याच लक्षात आला नाही. माझ्या आला.

मग तिने मला विचारलं. सगळ्यांसमोर, अगदी साधेपणाने. शेवटच्या रविवारी आजी त्या पोराला पाण्याकाठी घेऊन गेली होती, बुडालेलं गाव दाखवायला — एवढं तिला ठाऊक होतं. तिथे आजी काय बोलली? आणि तिच्याविषयी काही बोलली का?

सुधीरने मला ते सांगितलं होतं. मिनियापोलिसच्या स्वयंपाकघरात. पण त्या भागाला टाळी येत नव्हती म्हणून मी तो पहिल्याच वर्षी गाळला होता, आणि गाळलेलं मला आठवत नाही. दीडशे माणसं थांबली होती. माइक माझ्या हातात. बाहेर टबात मूर्ती विरघळत होती.

मी आवाज खाली नेला आणि इंग्रजीत म्हणालो — आजी पाण्याकडे बघत म्हणाली, माझ्या नातीला सांग, पुढच्या वर्षी लवकर ये.

हो. तेच. आपलं तेच. आयत्या वेळी माझ्या तोंडातून दुसरं काय निघणार होतं? मी एका मेलेल्या सानिश म्हातारीच्या तोंडी गणपतीची घोषणा घातली. आणि कमाल बघा, आमच्या लोकांना संशय आला नाही! उलट गहिवरून आलं. “अगदी आपल्यासारखंच हो!” असं पुढच्या रांगेतल्या जोशीकाकू म्हणाल्या, त्या अजून म्हणतात. शॅनन रडली. तिने पर्समधून छोटी डायरी काढली, ते वाक्य उतरवून घेतलं, खाली आजीचं नाव लिहिलं. मी बघितलं लिहिताना.

त्यांचं झाड परत येत नसतं हो. ते बोलावण्यासाठी सोडतच नाहीत ते. आम्ही आहोत, एवढं सांगायला ते जातं. ही गोष्ट मी पंधरा वर्षं सांगत होतो आणि मलाच कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुधीरचा फोन आला. “तिने विचारलं होतं नंद्या,” तो म्हणाला. मग, “उद्या तिचं विमान आहे. मी वही घेऊन जातो.” तेव्हा मला कळलं की वही शॅननसाठीच होती. आजीनेच ती त्याच्याकडून लिहवून घेतली होती आणि बजावलं होतं, माझी नात स्वतः विचारेल तेव्हाच दे, आधी पाठवलीस तर ती कपाटात टाकेल. म्हणून सुधीरने इतकी वर्षं ती हौगांगच्या फ्लॅटमध्ये, देवघराखालच्या कप्प्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती. वाट बघत.

आणि मी काय केलं? मला माझा मित्र पक्का माहीत आहे. त्याला माझी अब्रू वाचवायला सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. म्हणून मी म्हणालो, “सुध्या, ती किती रडली पाहिलंस ना? समाधान घेऊन चालली आहे बिचारी. ते वाक्य काढून घेणार आहेस तिच्याकडून?” तो खरंच विचार करत बसला, कारण समोरच्याला दुखवायचं नाही एवढंच त्याला येतं. त्याचा विचार होईपर्यंत तिचं विमान गेलं. मला ठाऊक होतं, तेवढा वेळ त्याला लागणार.

या वर्षी केतकीने मंडळाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. शॅननच्या वर्गातली पोरं, सहा-सात वर्षांची, शाळा सुटताना दारात एकमेकांचा निरोप घेताहेत. सानिश भाषेत. शॅननने ते वाक्य त्यांच्या भाषेत नेलं होतं. भिंतीवर रंगवलं होतं, खाली आजीचं नाव. एक दात पडलेला पोरगा ते म्हणतो, शेवटचा स्वर अगदी नीट, श्वासात.

तुम्हाला काय वाटतं, मला लाज वाटली? दोन दिवसांनी वाटली. आधी मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. माझं वाक्य! ज्या भाषेत नवी वाक्यं बोलणारी माणसं इतकी थोडी, त्या भाषेत माझं एक वाक्य धावतंय! मी तो बायकोला दाखवला, ऑफिसात दाखवला. छाती अशी फुगली होती. अजूनही त्या पोराचा आवाज आठवला की — जाऊ दे.

सुधीरनेही पाहिला. गेल्या शनिवारी त्याने मला हौगांगच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बोलावलं. कॉफी घेतली. टेबलावर वही होती. मी ती एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहत होतो, विचार करा. तो म्हणाला, “रजा घेतली आहे. बुधवारी निघतोय. तिला कळवलंय की मी कोण ते.” मी विचारलं, माझ्याबद्दल काय सांगणार आहेस. म्हणाला, “माझं मी सांगीन. तुझं तू सांग.”

मग मी त्याला शेवटचं पान वाचायला लावलं. त्याने आधी सानिशमध्ये वाचलं, बोट टिंबांखालून नेत, आणि मग मराठीत सांगितलं. आजी पाण्याकडे बघत म्हणाली होती: नात मला इंग्रजीत उत्तर देते. लोक म्हणतात, वाया गेली. पण उत्तर देते ना? म्हणजे मी बोलले ते तिला कळलं. माझं काम झालं. उरलेलं तिचं.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक तमिळ बाई पोराला काहीतरी विचारत होती आणि पोरगं इंग्रजीत उत्तर देत होतं. इथल्या प्रत्येक टेबलावर हेच चालतं. माझ्या स्वतःच्या घरात हेच चालतं. त्या दीडशे माणसांत असे एकही आईबाप नव्हते ज्यांना त्या वाक्याची गरज नव्हती. आणि मी ते गाळलं होतं. टाळी येत नाही म्हणून.

सुधीर मला कधी नव्हे इतका मोठा दिसला त्या दिवशी. माझा मित्र आहे तो, हे मी आता कुणालाही छाती ठोकून सांगेन. बुधवारी तो गेला. काल पोचला असेल. मी शॅननला अजून एक ओळ लिहिलेली नाही. हे आधी मराठीत लिहितोय, जी तिला वाचता येत नाही. त्याचा अर्थ काय होतो ते मला कळतं.

आणि एक राहिलं. वर मी लिहिलं, मला आठवलं नाही, माइक हातात होता, माणसं थांबली होती. ते सगळं खरं आहे. पण शॅननने विचारलं तेव्हा मी आधी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं होतं. सुधीर उभा राहिला होता. एक हात पुढच्या खुर्चीवर, तोंड उघडलेलं, पहिला शब्द शोधत होता. मला एवढंच करायचं होतं — थांबायचं होतं.

मी त्याला पाहिलं. आणि मी बोललो.